टायरच्या आतली पूड

वहिनींच्या टायरच्या दुकानात भाऊजींची गाडी आली की शेजारचा बॅटरीवाला हातातलं काम टाकून बघायला यायचा. गाडीच तशी होती. बसकी, रुंद, भलत्या वेगाची, आणि वर्षभर एका गणिताच्या सरांना मुकाट्याने शाळेत नेऊन सोडणारी. हे सर म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. वय एक्केचाळीस, लग्नाचं नाव काढायचं नाही, आणि सगळा जीव त्या गाडीत. वर्षातून एक दिवस रेसचा ट्रॅक हौशी लोकांसाठी खुला व्हायचा. तिथे दुसऱ्याला हरवायचं नसे, आपलीच वेळ आपण सुधारायची. गेल्या वर्षी ट्रॅकचा एक फेरा दोन मिनिटांच्या आत मारायला भाऊजी अर्ध्या सेकंदाने हुकले होते, आणि तो अर्धा सेकंद त्यांनी बारा महिने घरादाराला ऐकवला होता.

तो दिवस उद्यावर आला होता आणि मागचा डावा टायर पंक्चर होता.

"स्क्रू घुसलाय, वहिनी. अगदी मधोमध," डिकीतून चाक उतरवत भाऊजी म्हणाले. "परवा लागला. कळल्याबरोबर थांबलो आणि चाक बदललं."

"नशीब. वर्गात घंटा झाली तरी थांबत नाही म्हणतात तुम्ही."

भाऊजी हसले, पण उसनं. वहिनींच्या ते लक्षात आलं. या घरात आल्या तेव्हा भाऊजी दहा वर्षांचे होते. बुटाची नाडी बांधायला त्यांना वहिनींनीच शिकवलं होतं, आणि तरी पहिल्या दिवसापासून 'अहो भाऊजी' म्हणून चिडवायची सवय कायमची लागली होती.

त्या कामाला लागल्या. साबणाचं पाणी फिरवलं, स्क्रूपाशी बारीक फेस उठला. चाकावर टायर कसा बसला होता ते कळावं म्हणून व्हॉल्व्हसमोर खडूची रेघ ओढली, मग मशीनवर टायर रिमपासून सोडवला. रस्त्यापुरतं बघायचं तर काम सोपं होतं. मधल्या पट्ट्यात एकच भोक असलं की आतून दांड्याचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारी रबरी खुंटी असलेला, ओढून बसवायचा आणि विसरून जायचं. ट्रॅकवर मात्र टायर तापून चटका देतो आणि प्रत्येक वळणावर सगळी गाडी त्याच्या अंगावर येते. तिथले तपासनीस एक पॅच चालवून घेत, पण बाकी टायर निरोगी आहे अशी दुकानाची सही मागत. त्या मापाचा नवा टायर यायला चार दिवस लागणार होते. म्हणजे हा झाला तर उद्या, नाहीतर पुढच्या वर्षी.

वहिनींनी दिवा आत धरला. तळाशी रबराची काळी पूड दिसली. थोडी होती, फार नव्हती. वापरातल्या टायरमध्ये एवढी असते, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. दुसऱ्या कुणाचा टायर असता तर असं म्हणाल्या असत्या का? त्यांना भाऊजींना उद्या पाठवायचं होतं, अगदी मनापासून, आणि म्हणूनच त्यांचा आपल्या डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता.

"अहो, जरा हात लावून बघता का?"

कंप्रेसरशेजारच्या खुर्चीत दादा बसले होते. वहिनींचे यजमान, भाऊजींचे सख्खे मोठे भाऊ. दुकान त्यांनीच उभं केलेलं. गेली दोन वर्षं त्यांना विसरायला होत होतं. आधी किल्ल्या, मग तारखा, आता माणसंसुद्धा. बायकोला कधी ओळखत, कधी 'बाई' म्हणत. भावाला आज सकाळपासून गिऱ्हाईक समजत होते. पण बोटं काही विसरली नव्हती. वेगाच्या गाडीचा टायर त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय वहिनी अजूनही पॅच लावत नसत.

दादांनी टायर मांडीवर घेतला आणि डोळे मिटून आतल्या कडेने हात फिरवला. एक फेरा झाला, दुसरा झाला. मग बोटांची पूड अंगठ्याने चोळली.

"हवा गेल्यावर पळवलाय," ते म्हणाले. "पाचसहा किलोमीटर तरी. बाजू आतून सोलली आहे. टाकून द्या."

वहिनींनी दिवा खाली ठेवला. आपण यावर सही करणार होतो.

"भाऊजी, तुम्ही तर कळल्याबरोबर थांबला होतात."

भाऊजी उघडी डिकी बंद करायला वळले.

"उद्या दोनशेच्या वेगात फुटला असता तर? माझ्याशी खोटं बोललात? माझ्याशी?" वहिनींचा आवाज चढला.

"त्यांना बोलू नका, बाई," दादा मध्येच म्हणाले. "इतका भारी टायर कुणी उगाच वाया घालवत नाही. तसंच काही कारण असणार."

भाऊजींनी दादांकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"एक माणूस घराचा रस्ता चुकला होता," ते हळू बोलू लागले. "परवा दुपारी. फोन आला, की पुलापलीकडे मोठ्या रस्त्याच्या कडेला अनवाणी उभा आहे आणि सारखा मधे येतोय. निघालो, तर वाटेत चाक बसलं. बदलायला वीस मिनिटं गेली असती. नाही थांबलो."

परवा दुपारी दादांना घरी ठेवून वहिनी पॅचचा माल आणायला गेल्या होत्या. घरी परतल्या तेव्हा दोघे भाऊ चहा पीत होते आणि मोरीपासून खुर्चीपर्यंत ओल्या पावलांचे ठसे होते. फरशी ओली केली म्हणून त्यांनी दोघांनाही झापलं होतं.

"मला सांगायचं नाही?" त्या कशाबशा म्हणाल्या.

"तुम्ही पुन्हा घराबाहेर पडला नसता, वहिनी. आणि टायरचं म्हणाल, तर मला वाटलं, चालून जाईल. उद्याचा लोभ होता."

वहिनींना त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. तसं त्यांनी केलं नाही. त्यांनी फडकं ओलं केलं आणि दादांची काळी झालेली बोटं एकेक करून पुसायला घेतली.

"सापडला का तो माणूस?" दादांनी विचारलं.

"सापडला."

"मग झालं तर. टायर काय, दुसरा येईल." दादांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. मग गिऱ्हाइकाची अडचण व्हायला नको म्हणून ते आपुलकीने पुढे वाकले. "उद्या गाडी घेऊन कुठे जायचं होतं का तुम्हाला?"

"नाही, दादा," भाऊजी म्हणाले. "कुठेच नाही."