मनगटावरचा गुरू

हरमलच्या किनाऱ्यावर टॅटू काढणाऱ्या सेजलला डिचोलीच्या पोलिसांनी शवागारात बोलावून घेतलं. पाळीजवळच्या एका बंद खाणीत साचलेल्या पाण्यात तरुणाचं प्रेत सापडलं होतं. चेहऱ्यावरून ओळख पटेल असं काही राहिलं नव्हतं. डाव्या मनगटावर तेवढी गोंदलेली एक खूण होती.

आत मुळगावचे कृष्णनाथ उभे होते. ट्रक चालवणारा त्यांचा मुलगा गौरेश आठवडाभर बेपत्ता होता.

"हा माझा झील नव्हे," ते हवालदाराला सांगत होते. "त्यानं हरमलात गुरू ग्रहाची खूण काढून घेतलेली. त्याच्या आईनंच सांगितलेलं, गुरू बळकट कर म्हणून." गौरेशनं पाठवलेला फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवला. फोटोत त्यानं हात पुढे धरला होता. "ह्यात खुणेतली फुली खाली आहे, बघा. ह्या पोराच्या हातावर फुली वर. हा शनी."

सेजल पुढे होऊन फोटोकडे पाहू लागली.

गौरेश तिला आठवत होता. तो आला तेव्हा तिनं गुरू आणि शनी, दोन्हींची चिन्हं कागदावर काढून दाखवली होती. शनीच्या चिन्हाला लोक विळा म्हणतात, गुरूचं ग्रीक अक्षरावरून आलं म्हणतात, असं काहीबाही सांगितलंही होतं. ऐकता ऐकता गौरेशनं कागद उलटा फिरवला आणि बघतच राहिला. गुरूचा शनी झाला होता.

"असंच काढ," तो म्हणाला. "समोरून घरच्यांना गुरू दिसू दे. माझ्या बाजूनं जो आहे तो आहे."

तिला तेव्हा त्याची गंमत वाटली होती.

"बाय, तू सांग ह्यांना," प्रेताच्या खांद्यापाशी उभे असलेले कृष्णनाथ म्हणाले.

सेजल प्रेताच्या पायांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "काका, जरा इकडे या."

ते वळसा घालून आले. तिथून फुली खाली दिसत होती. मनगटाकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, पुन्हा मनगटाकडे पाहिलं. मग मोबाइल खिशात घालायला गेले, तो काही केल्या आत जाईना. शेवटी हवालदारानं तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

बाहेर बाकावर गौरेशची आई, प्रभावती, बसली होती. नवऱ्याचं तोंड पाहून तिला कळलं. मग ती सेजलकडे वळली.

"सुई टोचताना दुखलं गे त्याला?"

"नाही, काकी. बोलत बसला होता."

"काय बोलत होता?" असं म्हणत प्रभावतीनं सरकून तिला बाकावर जागा करून दिली.