वाढत्या अंगाची बंदूक

“त्याला इतक्यात बंदूक घेऊ देऊ नकोस, ऋता. तुझं ऐकतो तो,” अनघावहिनी फोनवर म्हणाली होती, आणि ऋताने ते नणंदेच्या कानांनी ऐकलं.

जेवणाची सुट्टी होती. सिंगापूरला रॅफल्स प्लेसच्या ऑफिसखाली ती हातात डबा धरून लिफ्टची वाट बघत उभी होती. तिकडे विस्कॉन्सिनमध्ये तेव्हा मध्यरात्र असणार. एवढ्या रात्री वहिनी जागी का, हेही तिने विचारलं नाही. सौमित्रदादापासून वहिनी त्या वसंतातच वेगळी झाली होती. त्याच गावात, पण दुसऱ्या टोकाला, राजसला घेऊन राहत होती. ती सांगत होती की दादा बदललाय, बोलताना भलतीकडेच बघतो, आणि कधी नव्हे ते घर फार आवरून ठेवायला लागलाय. ऋताच्या मनात आलं, घर सोडून गेलीस तू, आता बापलेकांत एक गोष्ट धड चाललीय तर तिच्यातही तुझा पाय आडवा. तोंडाने ती एवढंच म्हणाली, “बघते मी, वहिनी.” आणि लिफ्ट आली म्हणून फोन ठेवला.

बंदुकीचं खूळ राजसचं होतं. तेरा वर्षांचा मुलगा, वर्गातले निम्मे दोस्त नोव्हेंबरात बापाबरोबर हरणाच्या शिकारीला जाणारे. त्याने बंदूक सुरक्षित वापरायचा कोर्स पास केला, शिकाऱ्यांचं भगव्या रंगाचं जाकीट मिळवलं, आणि बापाकडे आपली स्वतःची पहिली बंदूक मागितली. बाप कोण, तर पुण्याच्या घरात झुरळ निघालं तरी आईला हाक मारणारा सौमित्र. त्याने सल्ल्यासाठी बहिणीला गाठलं, कारण घराण्यात बंदुकीला हात लावलेली ती एकटीच. कॉलेजात एनसीसीमध्ये ऋताने नेमबाजीचा चषक मिळवला होता, तेव्हापासून दादा तिला हवालदार म्हणायचा.

रविवारी सकाळी त्याचा फोन ठरलेला. त्याची शनिवारची संध्याकाळ, तिचे बेडोकच्या फ्लॅटमधले पोहे. तांदळाच्या डब्याला फोन टेकवून ती कांदा चिरायची आणि पडद्यातून आवाज यायचा, “काय हवालदार, परेड झाली का?” त्या दिवशी त्याने बंदुकांचे फोटो पाठवले तेव्हा तिच्या नवऱ्याने, विवेकने, चहा पिता पिता डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “आपल्याला बरं आहे. आपल्या पोराची बंदूक आपण शोधायचीच नाही, अठराव्या वर्षी सरकारच देणार.” ते पीआर, म्हणजे तिथले कायमचे रहिवासी, असल्यामुळे नीलला सैन्यातली दोन वर्षं चुकणार नव्हती. त्या विचाराने ऋता आतापासूनच धास्तावलेली. नील रस्ता ओलांडताना फोनकडे बघतो का, हे ती खिडकीतून बघायची. त्यापुढे दूरदेशीच्या भाच्याची, हरणापुरती बंदूक तिला अगदी निरुपद्रवी वाटली. तिला हुरूपच आला.

तिने दादाला समजावलं की धक्का कमी मारणारी घे, पहिल्या गोळीला पोर दचकलं तर पुढे कायम डोळे मिटूनच चाप ओढेल. जंगलात दिवसभर वागवता येईल इतकी हलकी घे. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे लांबी. हात कोपरात वाकवायचा, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत ठेवायचं, तर्जनी आपसूक चापापर्यंत पोचली पाहिजे. पोचत नसेल तर ती त्याची बंदूक नव्हे. दोघे आतेमामेभाऊ एकाच उंचीचे, म्हणून तिने नीललाच पुढे ओढला, मॉपचा दांडा त्याच्या कोपरात खुपसला आणि शिवणाच्या टेपने माप घेतलं.

“आई, मी काय दुकानातला पुतळा आहे का, लाह?” नील शाळेतल्या सिंगापुरी ढंगात कुरकुरला. पडद्यातला दादा हसला. तीन फोटोंपैकी मधली बंदूक त्या मापाला नेमकी बसत होती, आखूड दस्त्याची, मुलांसाठीच बनवलेली. दोघांनी मिळून ती निवडली.

पुढच्या रविवारी दादाने कॅमेऱ्यासमोर धरली ती वेगळीच होती. लांब, गडद लाकडाची, थोराड. ऋताला एका नजरेत कळलं.

“दादा, ही लांब आहे. त्याच्या खांद्याला नीट बसायची नाही.”

“वाढत्या अंगाची घेतली,” दादा म्हणाला.

आणि दोघं हसत सुटली. कारण त्यांच्या लहानपणी घरात जे यायचं ते याच मापाने. गुडघ्याखाली लोंबणारी शाळेची चड्डी, पुढे कापूस कोंबलेले बूट, दादाचा रेनकोट घातला की ऋता दिसेनाशीच व्हायची. आई एकदा ‘वाढत्या अंगाचं आहे’ म्हणाली की पुढे कुणी काही विचारायचं नाही. ऋतानेही विचारलं नाही. कितीतरी महिन्यांनी दादा असा हसत होता, त्याचंच तिला भरून आलं. फोन ठेवता ठेवता तिने वहिनीचं बोलणं त्याच्या कानावर घातलं, चहाडी केल्यासारखं.

“तिला हरणांची दया आली असेल,” तो म्हणाला. मग म्हणाला, “पोहे जळतायत बघ तुझे.”

पोहे जळत नव्हते. तरी ती गॅसकडे वळली.

शिकारीचा हंगाम उघडायच्या आधीच्या रविवारी फोन आला तो वहिनीचा होता. दादाने स्वतःचं आयुष्य संपवलं होतं. राजस त्या दिवशी आईकडे होता, एवढीच काय ती देवाची कृपा, असं सगळे म्हणत राहिले. ती बंदूक हरणासाठी कधी वापरलीच गेली नाही.

जूनच्या सुट्टीत विवेकच्या आग्रहाने अनघावहिनी आणि राजस सिंगापूरला आले. राजस नीलपेक्षा बोटभर उंच झाला होता. वागायला इतका गुणी की बघवत नव्हतं. काय खाशील विचारलं तर काहीही चालेल. कुठे जायचं, तर तुम्ही म्हणाल तिथे. हॉकर सेंटरमध्ये नीलने त्याला सगळ्या खाण्याच्या गाड्यांवरून फिरवून आणलं, तरी तो रिकाम्या हाताने परत येऊन बसला. दुसऱ्या दिवशी भांडी पुसताना वहिनी सांगू लागली की नोव्हेंबरपासून त्याने काहीही मागितलेलं नाही. पेन्सिलसुद्धा नाही. वाढदिवसाला काय हवं म्हणून विचारलं तर उठून बाथरूममध्ये गेला आणि कितीतरी वेळ बाहेर आला नाही. वहिनी हे भांड्यांकडे बघत सांगत होती. त्या फोनबद्दल, लिफ्टपाशी झालेल्या बोलण्याबद्दल, तिने एकदाही शब्द काढला नव्हता. ऋताला तेच जास्त लागत होतं.

नीलचे शाळेचे पांढरे बूट फाटले म्हणून चौघं बेडोकच्या मॉलमध्ये गेली. दुकानातल्या बाईने पायाला बसणारा जोड आणला. ऋताने सवयीने एक नंबर मोठा मागितला आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “वाढत्या अंगाचा आहे.”

बाकावर बसलेला राजस म्हणाला, “बाबा असं नाही करायचे. ऑलवेज माझा एग्झॅक्ट साइझ आणायचे. दुकानात माझा पाय धरून बघायचे.”

ऋताच्या हातात बूट तसाच राहिला. बरोबर होतं. लहानपणी मोठ्या बुटांनी दादाचे घोटे सोलून निघायचे, पोराला असे बूट घालणार नाही म्हणायचा. वाढत्या अंगाचं त्याने राजससाठी कधीही काही घेतलं नव्हतं.

घरी वर न जाता तिने त्यांना इमारतीखालच्या मोकळ्या जागेतल्या दगडी टेबलाशी बसवलं, नीलला पिशवी घेऊन वर पाठवलं. मग राजसला सरळ विचारलं की त्याच्या मनात काय आहे.

तो टेबलावरच्या बुद्धिबळाच्या पटावर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, “मी मागितली होती, आत्या. मी मागितली नसती तर घरात आलीच नसती.”

वहिनीने हात तोंडावर दाबला. ऋताने बाजूची छत्री उचलली. “हात वाकव.”

त्याला ते माप माहीत होतं, कोर्समध्ये शिकवलेलं. त्याने कोपर वाकवलं. तिने छत्रीची मूठ त्याच्या कोपरात ठेवली आणि त्याचं बोट जिथे टेकलं तिथे नखाने दाबून धरलं.

“तुझी बंदूक इथपर्यंतची होती. मी आणि दादाने ती निवडली होती. ती त्याने आणली नाही. आणली ती तुला लांब पडत होती, आणि त्याला तुझं माप पाठ होतं. ती तुझ्यासाठी नव्हतीच. तू हरणासाठी मागितलीस, राजस. तुझं काही चुकलं नाही. तो आजारी होता, मनाने फार आजारी, आणि ते ओळखायचं काम आम्हा मोठ्यांचं होतं. तुझ्या आईने ओळखलं होतं. ती मला म्हणालीही होती. मी ऐकलं नाही.”

राजसने तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे थेट दादाचे होते. “तुला दिसलं होतं? इट वॉज टू लाँग?”

“दिसलं होतं. कळलं नव्हतं.”

तो रडला नाही. वहिनीच रडली, दुसरीकडे तोंड करून, आणि ऋताने तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तिने तो झटकला नाही, धरलाही नाही. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ पिंजऱ्यातल्या पक्ष्याशी बोलत होते. त्या पक्ष्याकडे बघत राजस म्हणाला, “मला आइस माइलो हवाय.”

ऋता उठायच्या आत वहिनी उठली. कोपऱ्यावरच्या कॉफीशॉपमधून तिने थंड चॉकलेटी माइलोने भरलेली, नळी लावलेली पिशवी आणली, आणि राजसने ती अर्धी पिऊन बाकीची तशीच ठेवली, तरी टाकून द्यायला तिचा हात धजेना.

ती दोघं परत गेली. रविवारी सकाळी तांदळाच्या डब्याला फोन अजून टेकतो, आता लावते ऋता. आधी वहिनीशी बोलते, मग राजसशी. ‘आय अ‍ॅम फाइन’ म्हणाला की ती कांदा बाजूला ठेवते आणि पुन्हा विचारते. कधी तो चिडतो. कधी सांगतो.

हे वाचणाऱ्यापाशीही तिचं एक मागणं आहे. तुमच्या ओळखीत कुणीतरी असेल, हसून विषय बदलणारा, ज्याच्याबद्दल त्याच्याच घरातल्या कुणी तुम्हाला एकदा सावध केलं होतं आणि तुम्ही ते भांडण समजून सोडून दिलंत. आजच त्याला फोन करा. मनात काय चाललंय, जीव नकोसा झालाय का, हे सरळ शब्दांत विचारा. आणि तो म्हणाला ना, की पोहे जळतायत बघ तुझे, तर जळू देत. फोन ठेवू नका.