नेहमीचा माल

बाबा फोनवर फार बोलत नसत. रबरवाल्यांचा फोन आला की खांदा आणि कान यांच्यात फोन धरून, हातातलं काम न थांबवता ते एवढंच म्हणायचे, "नेहमीचा पाठवा." लहानपणापासून मी हे इतक्या वेळा ऐकलं होतं की माझ्या लेखी खरेदी म्हणजे तेवढंच होतं.

म्हणून बाबा गेल्यावर रबरवाल्यांचा पहिला फोन आला तेव्हा मीही तेच म्हटलं.

"अगदी बाबांवर गेलीस," ते म्हणाले.

मला बरं वाटलं.

आमचा कारखाना म्हणजे घरामागची लांबलचक शेड. तिथे कुबड्या आणि आधाराच्या काठ्या तयार होतात. ॲल्युमिनियमचे पाईप कापायचे, भोकं पाडायची, मूठ आणि बगलेची गादी बसवायची, आणि शेवटी खाली रबराचा बूट ठोकायचा. पाईप, मुठी, गाद्या निरनिराळ्या ठिकाणांहून येतात. बूट मात्र कायम रबरवाल्यांकडूनच यायचे.

शेडची निम्मी मालकी मोठ्या काकांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची. काका तिकडे कधी फिरकत नसत, पण बाबा गेल्यावर त्यांना शेडची एकाएकी फार काळजी वाटू लागली.

"रबरवाले शेड घ्यायला तयार आहेत, माणसांसकट," ते म्हणाले. "तुझं ते पुस्तकं संपादित करायचं काम बरं चाललं होतं, त्यात परत जा. पाईप आणि बूट, हे काय बाईमाणसाचं..." माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी उरलेलं वाक्य गिळलं.

शेवटी ठरलं ते असं. इस्पितळाची मोठी ऑर्डर मी पार पाडायची. नीट गेली तर शेड माझ्याकडे, बिघडली तर रबरवाल्यांच्या कागदावर मी मुकाट सही करायची.

"हे लिहून देता?" मी विचारलं.

"काकाच्या शब्दावर विश्वास नाही तुझा?"

"आहे ना. मग लिहायला काय हरकत?"

त्यांनी लिहून दिलं नाही. पण हे सगळं ते जोडणीचं काम बघणाऱ्या मावशींसमोर बोलले होते, आणि मावशींच्या कानावर पडलेलं कुणालाच खोडता येत नाही.

बूट आले, मावशींनी ठोकले, कुबड्यांची पहिली खेप इस्पितळात गेली. पाठोपाठ तिथलं भांडार सांभाळणाऱ्या बाईंचा निरोप आला, जातीने या.

बाईंच्या टेबलावर आमचीच कुबडी आडवी ठेवलेली होती. पाईपने बुटाचा तळ फाडून नाक बाहेर काढलं होतं.

"ओल्या फरशीवर एक आजी घसरल्या," बाई म्हणाल्या. "नर्सने धरलं म्हणून वाचल्या."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"माफी नको, कारण सांगा. बूट मागवताना काय सांगितलं होतंत?"

"नेहमीचा पाठवा म्हटलं होतं."

बाईंनी चष्मा काढला. "कोणाचा नेहमीचा? तुमचा, त्यांचा की माझा?"

मी कुबडी उचलून फाटलेल्या तळावरून बोट फिरवलं.

"सगळा माल बदलून द्या, नाहीतर ऑर्डर रद्द," त्या म्हणाल्या. "आणि एक गोष्ट फुकट सांगते. माल पुरवणारा माणूस वाईटच असतो असं नाही. पण बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसासारखा असतो. तुम्ही जेवढी जागा सोडाल तेवढा तो पसरतो."

परत आले ती सरळ शेडमध्ये गेले आणि भेटेल त्याला विचारू लागले, नेहमीचा म्हणजे कसला बूट? काका म्हणाले, काळा. मावशी म्हणाल्या, ठोकताना हाताला मऊ लागणारा. पाईप कापणारा म्हणाला, ज्याचा वास कमी येतो तो. रबरवाल्यांना फोन लावला तर ते मनापासून हसले.

"अगं, नेहमीचा म्हणजे आम्ही नेहमी देतो तो!"

फळीवर बाबांच्या वेळच्या खेपेतले थोडे बूट उरले होते. त्यातला एक आणि नव्या मालातला एक, असे दोन शिकंज्यात धरून मी उभे चिरले. जुन्या बुटाच्या तळाशी, रबराच्या पोटात, पोलादी वायसर होता, चपट्या चकतीसारखा. पाईपची कड त्यावर टेकते म्हणून तळ फाटत नाही. नव्यात नुसतं रबर होतं, तेही नख रुतणार नाही इतकं कडक.

मावशींनी चष्मा वर सरकवून दोन्ही तुकडे पाहिले. "वायसरचं मलाही ठाऊक नव्हतं, ताई. मी वरून ठोकते, पोटात कशाला डोकावू? पण तुमचे बाबा पोतं उघडल्याशिवाय टेम्पो सोडायचे नाहीत. मूठभर बूट काढून काय काय करत बसायचे. पटलं नाही की टेम्पो तसाच मागे. मग शिव्या, मग चहा, आणि दुसऱ्या दिवशी चांगला माल."

म्हणजे नेहमीचा माल असा काही नव्हताच. बाबा टेम्पोपाशी उभे राहायचे, म्हणून तो नेहमीचा असायचा. मी त्यांचा शब्द तेवढा उचलला होता. बुटाचे ते दोन तुकडे पुढ्यात घेऊन मी बराच वेळ बसले. आत्ता बाबा असते तर, असं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात पाईप कापणारा विचारायला आला, पुढे काय कापू. मग उठावंच लागलं.

सगळ्यात आधी मी बूट शब्दांत उतरवला. आतला व्यास, तळाची जाडी, रबर किती मऊ हवं. आजवर मी पुष्कळ वाक्यांवर मेहनत घेतली आहे, पण "वायसर नुसता आत टाकलेला नको, रबरात घट्ट बसवलेला हवा" या वाक्याइतकी कुठल्याच वाक्यावर घेतली नसेल. तो कागद रबरवाल्यांना पाठवला. आणि बाबांनी कधी केलं नव्हतं ते केलं, तोच कागद आणखी दोघांना पाठवला.

त्यातल्या एकाने लगेच सगळं कबूल केलं. त्याचं सॅम्पल दिसायला देखणं होतं, हलवलं की आतला वायसर खुळखुळ्यासारखा वाजायचा. दुसरी होती गॅस्केटवाली. एका गल्लीच्या टोकाला दोन साच्यांवर ती कुकरच्या आणि पंपांच्या रिंगा काढते. तिने होकार दिला नाही. उलट मलाच विचारलं, "पाईप कापल्यावर कड आतून-बाहेरून घासता का? नसाल घासत तर माझा वायसर काय करणार? आज ना उद्या धार रबर कापणारच."

आम्ही घासत नव्हतो. त्या दिवसापासून घासू लागलो.

"निम्मे बूट वेळेवर देईन," ती म्हणाली. "सगळे देते म्हणाले तर ते खोटं असेल."

मी तिथूनच भांडाराच्या बाईंना फोन केला आणि निम्म्या कुबड्या उशिरा येतील म्हणून सांगितलं. "उशीर होण्याआधी उशीर कळवणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटतंय," बाई म्हणाल्या. "पण निम्म्या चोख हव्यात."

गॅस्केटवालीचा माल यायचा होता, तेवढ्यात रबरवाले स्वतः दारात उभे. मागे बदली मालाचा टेम्पो, शेजारी मोठे काका आणि काकांच्या हातात सहीचा कागद.

मी पोतं उघडून एक बूट चिरला. वायसर नव्हता.

"वायसर जुन्या काळी घालायचे," रबरवाले म्हणाले. "आता रबरच असं येतं की गरज नाही. हो की नाही हो?"

"हो हो," काका म्हणाले. बुटाला त्यांनी आजवर हातही लावला नसेल.

शेडबाहेर पाईप धुवायची जागा आहे, गुळगुळीत फरशीची. ती ओलीच होती. मी कुबड्यांची एक जोडी घेतली, रबरवाल्यांच्या नव्या पोत्यातले बूट ठोकले, त्यांच्या उंचीचं भोक बघून खटका बसवला आणि जोडी त्यांच्यापुढे धरली.

"चाला."

"मी? मला काय झालंय?"

"काही नाही. म्हणूनच म्हणते. ज्यांना झालंय त्यांना आपण यावर चालवतोच आहोत."

ते हसले. काकांकडे पाहिलं. मग खाली फरशीकडे पाहिलं आणि हसू जरा आटलं. "माझे गुडघे दुखतात, बाळ."

"मग तर तुम्ही आमचं गिऱ्हाईकच."

आत मावशींची ठोकाठोक थांबली होती. पाईप कापणारा दाराशी येऊन उभा राहिला होता.

"अहो, चाला की दोन पावलं," काका चिडून म्हणाले. "पोरीचं समाधान होईल, विषय मिटेल."

रबरवाल्यांनी कुबड्या बगलेत घेतल्या. एक पाऊल उचललं. पूर्ण भार टाकायची वेळ आली तेव्हा ते थांबले, पाय खाली ठेवला, आणि कुबड्या काळजीपूर्वक भिंतीला टेकवल्या. काकांनी कुबडीकडे हात नेला, ओल्या फरशीकडे पाहिलं आणि हात खिशात घातला.

मी टेम्पोवाल्याला सांगितलं, "वळवा."

"तुझ्या बाबांनी मला असं दारातून कधी परत पाठवलं नव्हतं," रबरवाले म्हणाले. आवाज चढला होता.

"दर खेपेला पाठवायचे. नंतर चहा द्यायचे, म्हणून तुमच्या लक्षात चहा राहिला. चहा मीही देते. माल घेणार नाही."

"आणि बूट कुठून आणशील? शेड बसून राहील."

"बसू दे. कुणी पडण्यापेक्षा बरं."

ते चहा न घेताच गेले.

शेड खरंच बसून राहिली, आणि मावशींनी त्या रिकाम्या वेळात आधी कापलेल्या सगळ्या पाईपांच्या कडा घासून घेतल्या. मग गॅस्केटवालीचे बूट आले. मी दारातच पोतं उघडलं, बूट चिरले, ठोकले आणि ओल्या फरशीवर स्वतः चालून पाहिलं. निम्मी ऑर्डर ठरल्या दिवशी गेली, उरलेली कळवलेल्या दिवशी. बाईंनी एकही कुबडी परत पाठवली नाही.

काका आले ते कागद न घेता आले. "रबरवाल्यांचा निरोप आहे. वायसर घालून देतो म्हणतात. वर जरा आपुलकीने बोल म्हणतात."

"शेड विकायची नाही, काका."

"ते आलं माझ्या लक्षात. मावशींनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, मी काय कबूल केलं होतं ते."

"मग त्यांना सांगा, सॅम्पल पाठवा. पास झालं तर बुटांची पुढची निम्मी ऑर्डर त्यांची. निम्मीच, आणि इथून पुढे कायम निम्मीच."

"फार ताठ झालीस."

"हो."

सॅम्पल घेऊन रबरवाल्यांचा माणूस आला. त्याच्यासमोरच मी पहिला बूट चिरला. वायसर होता, घट्ट बसलेला. दुसरा चिरला, त्यातही होता. तिसरा शिकंज्यात धरला तेव्हा त्याला राहवेना.

"ताई, सगळेच चिरणार का?"

"नाही," मी म्हटलं. "पण कुठले चिरणार ते तुम्हाला आधी कळणार नाही."