मालन मोटारीत बसली नाही

आनंदीबाई कीर हिचा मुलगा बोटीवर खलाशी होता, पण तिला स्वतःला पाणी हललं की पोटात कालवायचं. त्यामुळे सत्तावन्न सालच्या वैशाखात सुनेच्या भावाचं लग्न निघालं, तेव्हा ती म्हणाली, "आगबोट नको. आपण एस.टी.नं जाऊ." मिऱ्याहून बुरोंडीला जायचं तर आगबोट सोयीची, हे मालनला ठाऊक होतं. तरी ती एवढंच म्हणाली, "बरं, आये."

मालनचं बोलणं म्हणजे हे एवढंच. लग्नाला तीन वर्षं झाली होती. कामाला वाघीण, पण चार माणसांत तोंड म्हणून उघडायची नाही. आनंदीबाई शेजारणींना सांगायची, "पोर गुणाची आहे गो, पण तिच्या पोटात काय चाललंय ते देवालाच माहीत." आनंदीबाईचं उलट होतं. ती दोन घटका कुठं टेकली की शेजारी बसलेल्याला तिच्या घराची सगळी हकिकत कळलेली असायची.

त्या दिवशी सकाळी रत्नागिरीहून निघालेली गाडी हातखंब्याच्या तिठ्यावर येऊन थांबली ती थांबलीच. इंजिनातून वाफ यायला लागली. दादू ड्रायव्हरनं झाकण उघडून आत डोकं घातलं आणि बाहेर काढून सांगितलं, "पट्टा तुटला. दुसरी गाडी मागवायला लागणार." कंडक्टर एका मालट्रकात बसून रत्नागिरीला परत गेला. टपावरचं सामान खाली आलं. जवळच्या गावची माणसं चालत निघाली, बाकीची आंब्याच्या सावलीला पांगली. या दोघी इद्रीसच्या चहाच्या दुकानासमोरच्या बाकावर बसल्या. पायाशी लोखंडी ट्रंक. ट्रंक मुलाची, तिच्यावर पांढऱ्या रंगानं ठळक लिहिलेलं होतं : हरिश्चंद्र धाकू कीर, खलाशी, मु. मिऱ्या.

पलीकडच्या बाकावर एक बाई चहा पीत होती. चाळिशीची, नीटनेटकी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. तिनं हसून विचारलं, "लग्नाला का?" झालं. आनंदीबाईला तेवढं पुरे होतं. लग्न सुनेच्या भावाचं, मुलगा बोटीवर, बोट सध्या मुंबईच्या गोदीत डागडुजीला लागलेली, तो आता ज्येष्ठात रजेवर येणार, एकुलती एक सून म्हणून तिच्या अंगावर घरातलं होतं नव्हतं तेवढं सोनं घातलंय, सोबतीला कोणी पुरुषमाणूस मिळाला नाही. बाई मान डोलावत ऐकत होती. "तुम्ही कुठं निघालात?" असं आनंदीबाईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लांज्याला, भावाकडे." मग तोंड धुऊन येते म्हणून उठली आणि रस्त्याच्या वळणाकडे गेली.

मालन हळूच म्हणाली, "आये, सगळं कशाला सांगायचं?"

"बाईमाणूसच तर आहे. तुझं आपलं काहीतरीच," आनंदीबाई म्हणाली.

बाई परत येऊन जागेवर बसली. थोड्या वेळानं त्याच वळणावरून एक काळी मोटार आली आणि दुकानापासून जरा पुढं जाऊन उभी राहिली. तिच्यातून स्वच्छ कोट घातलेला एक मनुष्य उतरला. हातात घडी केलेला कागद. घाईघाईनं इकडेतिकडे बघत तो म्हणाला, "मिऱ्याच्या कीरांपैकी कोणी आहे का इथं?"

"मी आहे. का हो?" आनंदीबाई उठून उभी राहिली.

"हरिश्चंद्र कीर तुमचे कोण?"

"माझा मुलगा."

त्या माणसानं टोपी काढली. टोपी काढलेली बघूनच आनंदीबाईनं बाकाची कड धरली. तो सांगत होता, तो गोदीतल्या कचेरीतून आलाय. हरिश्चंद्र परवा फळीवरून खाली पडला. इस्पितळात आहे, शुद्ध येते-जाते, सारखं आईचं आणि बायकोचं नाव घेतो. "मिऱ्याला तुमच्या घरी जाऊन आलो. तुम्ही एस.टी.नं निघालात असं कळलं, म्हणून पाठोपाठ आलो. मोटार आहे. आत्ता निघालो तर उद्या सकाळी त्याच्या उशाशी पोचाल."

खलाशाच्या घरात ही भीती रोजचीच असते. देवापुढं दिवा लावताना, भाताचं मडकं उतरताना, परका माणूस अंगणात दिसला की पहिला विचार तोच येतो. ती भीती आता कोट घालून समोर उभी होती. आनंदीबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "चल गो मालन, चल लवकर," म्हणत तिनं ट्रंकेच्या कडीला हात घातला. लांज्याला जाणारी बाई धावत आली, तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "जा हो बाई, उशीर नका करू. देवासारखा माणूस आला तुमच्यासाठी. मी ट्रंक धरते."

मालन मात्र बाकावरून उठली नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आनंदीबाईला क्षणभर रागच आला. नवरा तिकडे मरणाच्या दारात आणि ही दगडासारखी बसून.

मग मालन बोलली. आवाज बारीक होता, पण शब्द एकेक सुटा.

"मिऱ्याला आमच्या घरी कोण भेटलं तुम्हाला?"

"घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं."

"विहिरीवर होत्या त्या? दारातल्या विहिरीवर? जनीकाकू?"

"हो, हो. त्याच. जनीकाकू. फार रडल्या बिचाऱ्या."

आनंदीबाईनं तोंड उघडलं. दारात कसली विहीर? वाडीत सगळे मिळून एक विहीर, तीही खालच्या अंगाला, आणि जनी नावाची बाई तर साऱ्या मिऱ्यात नव्हती. सून दुःखानं भ्रमिष्ट झाली असं तिला वाटलं. ती आता बोलणार, एवढ्यात मालनचा पाय तिच्या पावलावर पडला. चांगला दाबून. आनंदीबाईनं सुनेकडे पाहिलं. मालन तिच्याकडे बघतही नव्हती. तिची नजर त्या माणसावर होती आणि तो माणूस मोटारीकडे बघत होता.

आयुष्यात पहिल्यांदा आनंदीबाई तोंडात आलेलं वाक्य गिळून गप्प राहिली.

"येतो आम्ही," मालन म्हणाली. "लुगड्यांची वळकटी गाडीत राहिली आहे. ती काढते आणि येते. आये, चला माझ्याबरोबर."

"त्यांना कशाला दमवता? त्या मोटारीत बसू देत तोवर," तो माणूस म्हणाला.

"त्यांनी बांधलेली आहे, मला ओळखू येणार नाही," असं म्हणून मालननं सासूचं मनगट घट्ट धरलं आणि ती चालायला लागली. ट्रंक तिनं तिथंच सोडली. दहा-पंधरा पावलं गेल्यावर आनंदीबाईला राहवलं नाही.

"मालन, माझा बाळा..."

"त्यांना काही झालेलं नाही, आये. बोटीवर, गोदीत कोणी त्यांना हरिश्चंद्र म्हणत नाही. सगळे बाळाच म्हणतात, प्रत्येक पत्रात ते तसंच लिहितात. या माणसाला ट्रंकेवर लिहिलंय तेवढंच ठाऊक आहे, आणि तुम्ही त्या बाईला सांगितलंत तेवढं. ती बाई मघाशी वळणाकडे गेली होती, मोटार तिकडूनच आली. लांज्याला निघालीय म्हणते, आणि जवळ एक पिशवीसुद्धा नाही."

आनंदीबाईला मघाचं सगळं बोलणं आठवलं. आपण आपल्या तोंडानं एकेक गोष्ट त्या बाईच्या पदरात टाकली होती.

दादू ड्रायव्हर गाडीच्या सावलीत टॉवेल अंथरून पडला होता. मालननं त्याला उठवलं आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. रडणं नाही, आरडाओरडा नाही. "दादूभाऊ, आम्ही दोघीच आहोत. आमच्याबरोबर चार माणसं घेऊन चला. आणि आधी मोटारीचा नंबर कोणीतरी बघून ठेवा." दादूनं एकवार तिच्याकडे बघितलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि आंब्याखालच्या माणसांना हाक मारली. वाटेत इद्रीसच्या कानाला तो लागला. इद्रीस दुकानाच्या मागच्या दारानं बाहेर पडला, मोटारीच्या पाठीमागून सहज फिरून आला आणि चुलीतल्या कोळशानं दुकानाच्या फळीवर नंबर लिहून मोकळा झाला.

सात-आठ माणसं घेऊन मालन परत आली तेव्हा तो मनुष्य ट्रंक मोटारीकडे नेत होता.

"ट्रंक खाली ठेवा," मालन म्हणाली. आता तिचा आवाज तिठ्याच्या पलीकडच्या झाडाखालीही ऐकू गेला असता. "आमच्या दारात विहीर नाही. जनीकाकू म्हणून कोणी नाही. तुम्ही मिऱ्याला गेलाच नाहीत. हातातला कागद दाखवा."

"अहो बाई, तुमच्या भल्यासाठी आलो, आणि..."

"कागद दाखवा," दादू म्हणाला.

त्या माणसानं कागद दाखवला नाही. त्यानं ट्रंक टाकली आणि पळत जाऊन मोटारीचं दार गाठलं. आत बसलेल्यानं यंत्र चालूच ठेवलं होतं. धुरळा उडवत मोटार लांज्याच्या दिशेनं गेली. माणसं मागं धावली, एक-दोघांनी धोंडेही मारले, पण मोटार ती मोटार.

आणि ती कुंकवाची बाई मागंच राहिली. तीही मोटारीकडे धावली होती, पण तिच्यासाठी कोणी दार उघडलं नाही. रस्त्याच्या मधोमध ती उभी होती, मोटार गेली तिकडे बघत. माणसं तिच्यावर चालून गेली. कोणीतरी तिच्या केसांना हात घातला.

मालननं तो हात बाजूला केला. "मारायचं नाही. पोलीस येईपर्यंत ती माझ्याजवळ बसेल." तिनं बाईला बाकावर बसवलं, इद्रीसकडून पाण्याचा पेला मागून तिच्या हातात दिला आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरून ठेवलं. मघाशी सासूचं धरलं होतं तसंच.

बाई पाणी प्याली आणि रडायला लागली. नाव चिमा म्हणाली. बाईमाणूस बोलायला गेलं म्हणजे दुसऱ्या बायका सगळं सांगतात, म्हणून ते दोघे तिला बरोबर आणत. महिन्याभरापूर्वी चिपळूणच्या अलीकडे अशाच एका बाईला मोटारीत घालून नेलं होतं. तिच्या अंगावरचं सगळं काढून घेऊन तिला घाटात सोडून दिलं होतं. "एकटीला?" आनंदीबाईनं विचारलं. चिमानं मान खाली घातली. "तिच्यासारखीच तरणी होती," ती मालनकडे बघून म्हणाली. आनंदीबाई सुनेला चिकटून बसली.

रत्नागिरीहून दुसरी गाडी आली, आणि दादूनं एका मालट्रकाबरोबर निरोप धाडला होता, त्यामुळे तिच्या पाठोपाठ फौजदारही आला. त्यानं फळीवरचा नंबर टिपून घेतला. संध्याकाळच्या आत राजापूरच्या अलीकडे मोटार सापडली, आतल्या दोघांसकट. या दोघींची ती रात्र रत्नागिरीतच, जबाब देण्यात आणि मुंबईला तार करण्यात गेली. तारेचं उत्तर सकाळी आलं. हरिश्चंद्र खुशाल होता आणि कोण आजारी आहे म्हणून उलट विचारत होता.

तार वाचून दाखवल्यावर मालनच्या डोळ्यांतून पाणी आलं. पदर तोंडात कोंबून ती बराच वेळ रडली. आनंदीबाईला तेव्हा समजलं की काल बाकावर दगडासारखी बसलेली ही पोर आतून किती हलली होती, आणि त्या तसल्या हलण्यातही तिनं डोकं जाग्यावर ठेवलं होतं. आपल्याला ते जमलं नव्हतं. साठ पावसाळे पाहून जमलं नव्हतं.

"तुला हे सुचलं कसं गो?" तिनं विचारलं.

मालननं डोळे पुसले. "बुरोंडीला आई बाजारात मासळी विकायची, मी तिच्या शेजारी बसायचे. दिवसभर माणसं बघायची. बोलायचं काम आईचं, बघायचं काम माझं. त्या माणसानं एवढी वाईट बातमी आणली, पण तो आपल्या तोंडाकडे बघतच नव्हता, आये. माझ्या गळ्याकडे बघत होता."

बुरोंडीला त्या हळदीच्या दिवशी पोचल्या. वाटेत गाडीत कितीतरी जणांनी कुठून आलात, कुठं निघालात म्हणून विचारलं. आनंदीबाई "लग्नाला" एवढंच सांगून खिडकीतून बाहेर बघत राहिली.

खटला पावसाळ्यानंतर रत्नागिरीच्या कोर्टात उभा राहिला. मालननं साक्ष दिली. समोरच्या वकिलानं तिला पुष्कळ फिरवलं. घाबरलेल्या बाईला काय आठवणार, असं तो म्हणाला. मालन म्हणाली, "घाबरले होते म्हणूनच सगळं आठवतंय." कोर्टात जरा हसू उमटलं. चिपळूणकडची ती बाईही आली होती, भावाला घेऊन. तिनं मालनची साक्ष ऐकली, आणि मग तिला बोलावलं तेव्हा ती पिंजऱ्यात ताठ उभी राहिली. दोघांना शिक्षा झाली. चिमाला थोडकी झाली.

कोर्टातून मिऱ्याकडे परतायला दोन वाटा होत्या. एक जवळची आणि दुसरी बाजारातून. आनंदीबाईनं बाजाराची वाट धरली. पलीकडून येणारी माणसं बाजूला होऊन या दोघींकडे बघत होती, दुकानांतून माना बाहेर येत होत्या. मालन पदर पुढं ओढून भरभर चालायला लागली, तशी आनंदीबाई तिला म्हणाली, "सावकाश चल गो. माझे गुडघे दुखतात."

गुडघे काही दुखत नव्हते. एका कापडदुकानाच्या पायरीवरून कोणीतरी विचारलं, "हातखंब्याची ती हीच का?"

"हीच," आनंदीबाई म्हणाली. "माझी सून."