जमनाबायचा आवाज माझ्यातूनच गेला

मी कॉलरचा माइक बोलतोय. बोटाच्या पेराएवढा माझा जीव. माणसांच्या छातीवर बसायचं आणि ती बोलतील ते जसंच्या तसं पुढं पोचवायचं, एवढंच माझं काम. आपलं असं मी कधी काही बोललो नाही. पण माझ्यातून नेलेल्या आवाजाचं जे झालं, त्यावर मला गप्प बसवत नाही.

पालघरच्या चिरागने मला विकत आणलं. सुरुवातीला त्याच्याबरोबर बोईसरच्या कारखान्यांत फिरलो. हेल्मेट घाला, हातमोजे घाला, असली भाषणं माझ्या नशिबी. चिराग त्याला कंटाळला. त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. प्रोजेक्टरने भिंतीवर चित्रं पाडायची आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या आवाजावर ती हलवायची. चित्रं काढायला त्याला दीपिका मिळाली, वाणगावजवळच्या पाड्यावरची, कॉलेजात शिकणारी. गोष्टी सांगायला तिने आपली मावशी पुढं केली, जमनाबाय.

जमनाबाय धवलेरी. पाड्यावरच्या वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक नावाचं चित्र काढतात आणि त्याच्यासमोर धवलेरी गाते, तेव्हा लग्न लागतं. चिराग मला तिच्या पदराला लावायला गेला, तर तिने मला दोन बोटांत धरून उलटंसुलटं पाहिलं.

"यात माझा आवाज जाणार?"

"हो, जमनाबाई."

"मग आयक. गोष्टी सांगीन तेवढ्या घे. लग्नाचं गाणं नाय देणार. नवरा-नवरी समोर असल्याबिगर ते गायचं नसतं."

"नाही घेणार. शब्द देतो."

हे मी ऐकलं. माझ्याइतकं जवळून कोणीच ऐकलं नाही.

पहिला खेळ सफाळ्याला, एका रिकाम्या गोदामात दारं लावून झाला. समुद्राला भेटायला निघालेल्या डोंगराची गोष्ट होती. जमनाबाय बोलायला लागली आणि दीपिकाने काढलेला डोंगर भिंतीवर पाय टाकत निघाला. ती हळू बोलली की तो दबकत चाले. तिला खोकला आला, तर डोंगरही थबकला, आणि अख्खं गोदाम हसलं. ती स्वतःही हसली. तो दिवस मला फार आवडला होता.

मग आमंत्रणं वाढली. भातलावणी आली, जमनाबायला येणं जमेना. चिरागने तिच्या सगळ्या गोष्टी कॉम्प्युटरला ऐकवल्या आणि तिचा आवाज त्याला शिकवला. आता जे टाइप कराल ते तिच्या आवाजात निघायचं, बोलणं काय नि गाणं काय.

"दादा, मावशीला विचारलंत?" दीपिका म्हणाली.

"अगं, तिचंच नाव लावतोय ना! तू चित्रं बघ."

विचारायला पाड्यावर कोणी गेलं नाही.

वैशाखात वाणगावला अंकुशचं लग्न होतं. मी चिरागच्या शर्टावर होतो. जमनाबाय गाण्यासाठी तयार होऊन आली, तर नवऱ्याचा बाप मंगळ्या हात जोडून म्हणाला, "जमनाबाय, तुमी आज निवांत बसा. चिरागनं तुमचंच गाणं लावलंय."

तिला वाटलं, थट्टा करतोय. तेवढ्यात स्पीकर सुरू झाला.

आवाज तिचाच. पण मध्ये कुठं श्वास नाही, आवंढा नाही. शब्द कुठल्याशा पुस्तकातले, देवांची नावं वरखाली. आणि नवरीचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा तो आवाज म्हणाला, "कीर्ती." नवरी होती दीपाली. आदल्या एका लग्नात चिरागने हेच गाणं लावलं होतं, तिथल्या नवरीचं नाव तो बदलायला विसरला होता.

जमनाबाय उठली.

"चिराग, ही कोण गाते?"

"तुम्हीच, जमनाबाई. तुमचाच आवाज."

"मी इथं बसलीय. मी तोंड उघडलं नाय. तू शब्द दिला होतास मला."

चिरागची छाती धडधडत होती. माझ्याशिवाय ते कोणाला कळलं नसेल.

"जाऊ दे ना बाय, गाणं तर तेच हाय," मंगळ्या म्हणाला.

"तेच? त्यानं तुझ्या पोराचं लगीन कोणा कीर्तीशी लावलं!"

मांडवात कोणी हसलं नाही. दीपालीने डोक्यावरचा पदर मागं सारला. "मला नाय चालणार. मावशी, तू गा."

दीपिकाने जाऊन वायर उपटली. जमनाबाय चौकासमोर उभी राहिली आणि पहिल्यापासून गायला लागली. संतापाने तिचा आवाज फाटत होता, दोनदा थांबावं लागलं. लवकर आटपा, असं कोणी म्हणालं नाही.

चिरागने तिथेच तिचे पाय धरले. कॉम्प्युटरमधलं सगळं पुसलं आणि मला दीपिकाच्या हातात दिलं. पण यंत्राचं ते गाणं त्याआधीच कितीतरी मोबाइलांत गेलं होतं. ते कोण पुसणार?

आता मी जमनाबायच्या पदरावर असतो. दोघी खेळ करतात, मावशी समोर बसून सांगते, डोंगर तिच्या मागून चालतो. माझा राग यंत्रावर नाही. मी स्वतः यंत्रच आहे. न विचारता उचलून नेणाऱ्यावर माझा राग आहे.

परवा खेळ संपवून परतताना बोईसरच्या बाजारात एका मोबाइलच्या दुकानातून तेच गाणं ऐकू आलं. जमनाबाय आत गेली.

"बंद कर. माझा आवाज हाय तो."

दुकानदाराने तिला खालीवर पाहिलं. "मौसी, आपका गला तो बैठा हुआ है. ये तो कितना साफ है!"

बरोबर असलेल्या दीपिकाने तिला बाहेर आणलं.

मी तिच्या पदरावर होतो, पण मला बंद करून ठेवलं होतं, ऐकलेलं पुढं पोचवता आलं नाही. म्हणून इथे सांगतो. तो आवाज जमनाबायचा आहे, आणि ते गाणं तिने गायलेलं नाही. मी साक्षीला आहे. ते गाणं तुमच्या मोबाइलवर आलं, तर पुढं पाठवू नका.