तिसरा कप संपेपर्यंत

मित्रांनो, जिला चाकं नाहीत तिला तुम्ही गाडी म्हणाल का? नाही म्हणालात तरी मी गाडीच आहे, आणि तीही चांगली साठ वर्षांची. बर्फावरची घसरगाडी! खाली पोलादाच्या दोन लांब पट्ट्या, पुढे बसायला लाकडी पाट, मागे धरायला दांडा. एक पाय पट्टीवर ठेवायचा, दुसऱ्यानं जमिनीला रेटा द्यायचा, की मी निघाले. उत्तर स्वीडनमधल्या आमच्या नदीकाठच्या गावात एका सुतारानं मला घडवलं, लोहारानं पट्ट्या बसवल्या आणि आल्गोत नावाच्या तरुणानं मला घरी नेलं. पुढे तो आजोबा झाला. मी मात्र घसरगाडीच राहिले.

आल्गोत आजोबा दुधाचा ट्रक चालवायचे. गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करता करता घरोघरच्या गोष्टीही गोळा झाल्या. राजेरजवाड्यांचं त्यांना फारसं सोयरसुतक नव्हतं. कोणाचं छप्पर कोणत्या वादळात उडालं, नदीतून ओंडके सोडताना कोण बुडालं, गावात पहिलं शिवणयंत्र कोणाच्या पणजीनं आणलं, हा त्यांचा इतिहास. निवृत्त झाल्यावर ते गावभरचे जुने फोटो जमवू लागले. माझ्या पाटावर पेटी बांधायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे जायचं आणि प्रत्येक चेहऱ्याचं नाव विचारून फोटोमागे पेन्सिलीनं लिहायचं. त्यांची नात इल्वा लहान असताना पेटी मांडीवर घेऊन पाटावर बसायची आणि ओरडायची, "आजोबा, जोरात!"

"जोरात काय? तुझ्या मांडीवर शंभर माणसं बसलीत. सांडतील ना!"

पुढे बर्फावरून कोणी घसरू नये म्हणून रस्त्यांवर खडी टाकू लागले. माझ्या पट्ट्या खरवडून निघायच्या. गावातल्या माझ्या बहिणी एकेक करून अडगळीत गेल्या. आजोबा मात्र मला कडेकडेच्या बर्फावरून न्यायचे आणि घरी आल्यावर पट्ट्यांना तेल लावायचे. मी अगदी मिजाशीत होते, खोटं कशाला बोलू!

एकाच फोटोनं त्यांना छळलं. जंगलतोडीच्या तळावरचा फोटो. बावीस लाकूडतोडे आणि कडेला एप्रन बांधलेली स्वयंपाकीण. बाविसांचीही नावं मिळाली. तिचं काही मिळेना.

"बाविसांना हिनं रांधून वाढलं," आजोबा म्हणायचे, "आणि नाव तेवढं हिचंच हरवावं? वा रे गाव!"

आता ते नाव सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं. नदीपलीकडच्या सिग्नेमावशी, वय वर्षं सत्त्याण्णव. नदी गोठली आणि आजोबा दर गुरुवारी त्यांच्याकडे जाऊ लागले. बाहेर माझ्या पट्ट्या बर्फाला चिकटतात, म्हणून मावशी मला आत दारापाशी घ्यायच्या. सगळं बोलणं माझ्या कानावर पडायचं.

आमच्याकडे एक रीत आहे. कामासाठी गेलात तरी आल्या आल्या काम काढायचं नाही. आधी कॉफी. पहिल्या कपाला हवापाणी, दुसऱ्याला तब्येती, आणि तिसरा संपला की मग जाता जाता आठवल्यासारखं कामाचं बोलायचं. त्याआधी तोंड उघडणारा माणूस असंस्कृत. आजोबा फोटोचं पाकीट टेबलावर ठेवून तिसरा कप संपण्याची वाट बघायचे. पण मावशींकडे तो संपायचाच नाही.

"अरे आल्गोत, हा केक राहिलाच की! आणि कप रिकामा कसा? आण इकडे."

तेवढ्यात उजेड कमी व्हायचा. अंधाराआधी नदी ओलांडायला हवी, म्हणून आजोबा उठायचे. फेब्रुवारीत इल्वा शहरातून आली होती, तेव्हा परतताना ती वैतागली.

"आजोबा, सरळ विचारून टाका ना!"

"आणि तिला वाटू देऊ, मी नावासाठीच येतो म्हणून?"

"पण नावासाठीच जाता ना?"

"म्हणून तर विचारवत नाही!"

एप्रिलमध्ये नदीवरचा बर्फ फुटला. पूल चाळीस किलोमीटरवर, आणि डॉक्टरांनी आजोबांचं मोटार चालवणं बंद केलेलं. मावशींना फोनवर ऐकू यायचं नाही. कोणाला 'सोड मला तिकडे' म्हणण्याचा आजोबांचा स्वभाव नव्हता. "नदी गोठू दे," ते म्हणाले. सप्टेंबरात, बटाटे काढता काढता, आजोबा गेले.

मला कोणीतरी पायरीवर ठेवलं आणि पाटावर फुलांची कुंडी मांडली. येणारेजाणारे 'किती गोड!' म्हणायचे. मला ते जहर वाटायचं. मला आजोबा हवे होते. त्यांची मागून येणारी धाप, बेसूर शीळ, हातमोज्यांची ती ऊब हवी होती.

जानेवारीत इल्वा घर आवरायला आली. तिला तो फोटो सापडला. मागे बावीस नावं होती, आणि खाली एक ओळ मोकळी. ती बराच वेळ रडली. मग तिनं कुंडी उचलून बाजूला ठेवली आणि मला घेऊन थेट नदी ओलांडली.

दारातच तिनं फोटो पुढे केला. "मावशी, ही कोण?"

"अगं, कोट तरी काढ! कॉफी..."

"कॉफी नंतर. आधी नाव सांगा. आजोबांचं विचारायचं राहून गेलं."

सिग्नेमावशी खुर्चीत बसल्या. "हुल्डा. माझी थोरली बहीण. पहिल्याच गुरुवारी आल्गोत लाकडं आणायला बाहेर गेला होता, तेव्हा मी पाकीट उघडून पाहिलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर पुढच्या गुरुवारी तो कशाला आला असता?" मावशी फोटोकडे बघत म्हणाल्या. "मला वाटलं, नदी गोठली की येईलच."

 मोकळ्या ओळीवर इल्वानं 'हुल्डा' लिहिलं, कोट काढला आणि कप पुढे केला.

इल्वानं ते घर विकलं नाही. हिवाळ्यात जमेल त्या गुरुवारी ती येते आणि मला घेऊन नदीपार जाते. बरोबर फोटो नसतो, पेटी नसते. आजोबा डाव्या पायानं रेटा द्यायचे, इल्वा उजव्यानं देते. तेवढ्यानंही मला कळतं की मागे ते नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, त्यांच्यावर कुंड्या मांडू नका. आणि जुन्या माणसांना जे विचारायचं असेल ते वेळेत विचारा. विचारून झालं, तरी त्यांच्याकडे जात राहा.