रुआबांध्यातल्या संत्र्याचा ताण

२००४ सालची गोष्ट. आम्ही हिंदी मुलखात, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, रुआबांध्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. माझे यजमान आनंदराव प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर होते. सासूबाई, म्हणजे भीमाबाई, काटोलकडून आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा पिशवीतून संत्र्याचं कलम घेऊन आल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या बागांत मजुरी केलेली. स्वतःचं झाड हे पहिलंच. परसात ते हिरवंगार वाढलं, पण वर्षं गेली तरी फूल काही धरेना.

"रोज पाणी पाजून लाडावून ठेवलं तू त्याले," सासूबाई लेकाला म्हणाल्या. "ताण देल्याबिगर बहार येत नाही."

ताण म्हणजे पाणी तोडायचं. झाड कोमेजलं की पुन्हा द्यायचं, मग ते फुलतं. त्यांच्या हिशेबानं सहा डिसेंबरला बंद, सव्वीस जानेवारीला सुरू.

भट्टीसमोरून आलेल्या माणसाला तहानलेलं काही पाहवत नाही. डिसेंबर सरायच्या आतच पानं पुंगीसारखी वळली, तसे आनंदराव बादली भरून उभे राहिले.

"माय, मरून राहिलं ते."

"मरत नाही. आमच्या गावाले दीड महिना राहते."

"गावाले तू मजूर होती. इथं मालकीण झाली म्हणून जीव घेतं काय त्याचा?"

सासूबाई खुरपं घेऊन आळ्यात बसल्या. वीतभर उकरून माती मुठीत दाबली. मूठ उघडली तर गोळा झालाच नाही, लाल खडे बोटांतून सांडले.

"गावची काळी माती ओल धरून ठेवते," त्या हळूच म्हणाल्या. "हा मुरूम हाय. याच्यात पाणी थांबतच नाही. सोड रे आनंदा. पण बादली उलटी नको करू, तांब्यातांब्यानं दे."

थोड्याच आठवड्यांत परस फुलांनी घमघमला. पुढच्या हिवाळ्यात मोजकीच फळं हाती आली, तीही आंबटढाण. आमच्या लहानग्या संघमित्रानं तोंड वाकडं केलं, आनंदरावांचा एक डोळा मिटला. सासूबाई म्हणाल्या, "गोड हाय," आणि उरलेली फोडही मागून घेतली.

सासूबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. संघमित्रा नागपूरला बँकेत आहे. आनंदराव रिटायर झाले, आम्ही जवळच बोरसीला घर केलं. गच्चीवरच्या कुंड्यांतली माती ते आधी मुठीत दाबून बघतात. ओली लागली तरी थोडं पाणी घालतातच.

मागे एकदा जुन्या क्वार्टरकडे गेलो. तिथं आता राहणाऱ्यांची नवी सून आमच्या संत्र्याला पाइप लावून उभी होती. झाड हिरवंगार.

"आंटी, फल ही नहीं आता," ती मला म्हणाली.

आनंदरावांनी तिच्याकडे खुरपं मागितलं आणि आळ्यापाशी बसले.